बांधावरची चंद्रज्योत आणि पटलातली चरबी

केळी बंद

चोवीस तासांची लघवी बाटलीत जमवायची, आणि त्याआधी तीन दिवस केळी, वांगी, टोमॅटो, अननस, अक्रोड बंद. ५-एचआयएए नावाच्या तपासणीचं हे पथ्य. रावेर-यावलकडच्या माणसाच्या हातात हा कागद देणं म्हणजे त्याला उपासच सांगणं. केळी गेली, भरीत गेलं. उरली कळण्याची भाकरी आणि ठेचा.

आतड्याच्या अस्तरात सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी असतात. त्यांची गाठ झाली, म्हणजे कार्सिनॉइड, की सेरोटोनिन भरमसाट सुटतं. शरीर त्याचं ५-एचआयएए करून लघवीवाटे टाकतं. पण केळ्यातही सेरोटोनिन असतं. १९५८ साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात वाल्केस, श्योर्ड्स्मा, उडेनफ्रेंड आणि सहकाऱ्यांनी केळ्यातलं सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन मोजून छापलं. दोन-चार केळी खाऊन तपासणीला गेलेला धडधाकट माणूस कागदावर गाठवाला ठरू शकतो.

केळ्यात सेरोटोनिन आहे म्हणून केळं खाल्लं की मन प्रसन्न होतं, असं फिरत असतं. ते खरं नाही. खाल्लेलं सेरोटोनिन आतडं आणि यकृत वाटेतच मोडतात, आणि रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या तटापलीकडे ते जात नाही. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते तिच्या स्वतःच्या गुणांवर. तिला असल्या जाहिरातीची गरज नाही.

गुर्द्याच्या वर

आतड्यातल्या या सेरोटोनिनवाल्या पेशी चेता-अंतःस्रावी जातीच्या. त्या जातीच्या पेशी पाहायच्या तर मटणाच्या दुकानात जावं. बकऱ्याच्या गुर्द्याजवळची चरबी चाचपली की छोटी, घट्ट अधिवृक्क ग्रंथी लागते. मधोमध चिरली की बाहेरचा पिवळसर थर आणि आतला गडद भाग वेगळे दिसतात. ताजा काप पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात ठेवला तर फक्त आतला भाग तपकिरी होतो. तिथे अॅड्रेनालिन आहे, याची ती खूण. त्या पेशींना क्रोमाफिन म्हणतात.

ही पेशी अर्धी चेतापेशी आणि अर्धी ग्रंथी. मज्जातंतूचा निरोप तिला थेट येतो, पण तिचं उत्तर पुढच्या पेशीला जात नाही, रक्तात ओतलं जातं. एकेका पेशीत हजारो पुटिका, म्हणजे इवल्या पिशव्या, प्रत्येकीत अॅड्रेनालिन, एटीपी आणि क्रोमोग्रॅनिन हे प्रथिन ठासून भरलेलं. निरोप आला, आत कॅल्शियम वाढलं, की पुटिकेचं आवरण पेशीच्या बाहेरच्या पटलाला मिळतं आणि माल बाहेर पडतो.

सगळ्या पुटिका एकदम सुटत नाहीत. सावद्याच्या स्टेशनाबाहेर केळीचे ट्रक उभे राहत, त्यातले काही थेट वॅगनला लागलेले, काही फाटकाशी, बाकी अजून मळ्यातच, तसं हे. कॅल्शियमची पहिली लाट येते तेव्हा फक्त लागलेल्या पुटिका रिकाम्या होतात. किती पुटिका ‘लागलेल्या’ असतील, हे कोण ठरवतं? उत्तराचा मोठा भाग पटलातल्या चरबीत निघाला. हे कळायला जवळजवळ अर्धं शतक लागलं.

कबुतराचं स्वादुपिंड, १९५३

पाठ्यपुस्तकात पेशीपटल दोन रेघांचं. चरबीचे रेणू शेपटीला शेपटी लावून उभे, मधूनमधून प्रथिनं, आणि खाली वाक्य: पेशीचं संरक्षण करते. परीक्षेला एवढंच पुरतं. त्यामुळे बी.एस्सी. झालेलं पोरही चरबी म्हणजे भिंतीचा गिलावा समजून बाहेर पडतं.

माँट्रियलला लोवेल आणि मेबल होकिन हे जोडपं १९५३ साली कबुतराच्या स्वादुपिंडाच्या कापांवर काम करत होतं. शोध आरएनएचा चालला होता: पेशी स्रवताना त्यात किरणोत्सारी फॉस्फरस जास्त शिरतो का? आरएनएत फारसं काही घडेना. पण अॅसिटिलकोलिन घातलं की फॉस्फोलिपिडांत तो फॉस्फरस झपाट्यानं शिरायचा. म्हणजे स्राव होताना पटलातली ठरावीक चरबी मोडत होती आणि पुन्हा बांधली जात होती. गिलाव्याला एवढी धावपळ कशाला?

वीसेक वर्षं कुणाला धड सांगता आलं नाही. १९७५ साली बर्मिंगहॅमच्या रॉबर्ट मिशेल यांनी मांडलं की ही मोडतोड आणि पेशीतलं कॅल्शियम वाढणं यांचा संबंध आहे. १९८३ मध्ये श्ट्रेब, अर्विन, बेरिज आणि शुल्झ यांनी दुवा दाखवला, आणि तोही स्वादुपिंडाच्याच पेशींत. पटलाच्या आतल्या अंगाला पीआयपी-२ नावाचं एक लिपिड असतं, पटलातल्या एकूण चरबीच्या जेमतेम एक टक्का. फॉस्फोलायपेज-सी हे विकर त्याचे दोन तुकडे करतं. पाण्यात विरघळणारा तुकडा, आयपी-३, पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम सोडवतो. दुसरा, डायअसिलग्लिसेरॉल, पटलातच राहतो आणि तिथूनच काम करतो.

एक टक्का.

मोडायचं की राखायचं

इथे खरी गंमत आहे. पीआयपी-२ मोडलं की निरोप जातो. पण पुटिका पटलाला मिळण्यासाठी पीआयपी-२ शाबूत असावं लागतं.

१९९० मध्ये मिशिगनच्या रोनाल्ड होल्झ यांच्या गटानं क्रोमाफिन पेशींच्या पटलाला भोकं पाडली आणि इनॉसिटॉलवाली चरबी, म्हणजे पीआयपी-२ आणि तिची भावंडं, जिवाणूच्या विकरानं तोडली. कॅल्शियम हवं तेवढं दिलं तरी स्राव घसरला. १९९५ साली विस्कॉन्सिनच्या थॉमस मार्टिन यांच्या प्रयोगशाळेनं उंदराच्या अधिवृक्क गाठीपासून वाढवलेल्या पीसी-१२ पेशींत दाखवलं की स्रावाआधी एटीपी जे खर्च होतं, त्यातलं काही थेट याच चरबीवर फॉस्फेट चढवायला लागतं. आणि २००५ मध्ये ग्यॉटिंगेनहून मिलोसेविच आणि सहकाऱ्यांचं काम आलं. पीआयपी-२ बनवणारं विकर पेशीत वाढवलं की ‘लागलेल्या’ पुटिका वाढतात. ते मोडणारं विकर पटलाशी नेऊन बसवलं की स्राव जवळजवळ थांबतो.

याचा अर्थ निरोप देण्यात जे खर्ची पडतं, तेच पुढच्या स्रावासाठी राखूनही ठेवावं लागतं. पेशी हा हिशेब दर सेकंदाला करते. म्हणून एकाच संप्रेरकाचा परिणाम एका प्रयोगात स्राव वाढवणारा आणि दुसऱ्यात घटवणारा दिसतो, आणि दोन्ही निबंध खरे असू शकतात. असे निबंध वाचताना मी आधी पाहतो की पेशीला किती वेळ उत्तेजन दिलं होतं. निष्कर्ष नंतर.

स्त्रासबुर्गच्या संशोधकांनी आणखी एका लिपिडाचा माग काढला: फॉस्फॅटिडिक आम्ल. त्याचं डोकं लहान आणि शेपट्या जाड, म्हणून आतल्या थरात ते जमलं की पटलाला वाक येतो आणि दोन पटलं जोडली जाणं सोपं जातं. चरबीचा नुसता आकारही इथे काम करतो.

बांध

पारोळ्याच्या पुढे धुळ्याकडे जाताना कितीतरी शेतांच्या बांधांवर चंद्रज्योत दिसते. मोगली एरंड. शेळी तोंड लावत नाही, म्हणून कुंपणाला बरी. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीनं तिच्या तेलाचं डिझेल करायची शिफारस केली, रोपं लागली, गाजावाजा झाला आणि विरला. झुडपं मात्र आहेत.

शेळीला जे कळतं ते शाळकरी पोरांना कळत नाही. शेंगदाण्यासारखी चव असलेल्या बिया पोरं खातात आणि तासाभरात उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात येतात. बीमध्ये कर्सिन हे प्रथिन असतंच, पण तेलात फॉर्बॉल एस्टर असतात आणि विषाचा मोठा वाटा त्यांचा. म्हणून चंद्रज्योतीची पेंड सरकीच्या पेंडीसारखी ढोरांना घालता येत नाही.

फॉर्बॉल एस्टर काय करतो? तो डायअसिलग्लिसेरॉलचं सोंग घेतो. पीआयपी-२ मोडल्यावर पटलात राहणारा दुसरा तुकडा तो हाच. पेशीतला खरा डायअसिलग्लिसेरॉल थोड्या वेळात नष्ट केला जातो, कारण निरोप संपायला हवा. फॉर्बॉल एस्टर मोडत नाही, त्यामुळे निरोप चालूच राहतो. १९८२ साली कोबे इथल्या निशिझुका यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं की तो प्रोटीन कायनेज-सी या विकराला थेट चेतवतो. नंतर कळलं की पुटिका ‘लावणारं’ मंक-१३ हे प्रथिनही त्याला बळी पडतं. १९९८ आणि २००२ मधल्या ग्यॉटिंगेनच्या कामांनंतर चेतापेशींत तरी मंक-१३ लाच मोठा मान द्यावा लागला. क्रोमाफिन पेशींवर चिमूटभर फॉर्बॉल एस्टर टाकला की त्याच कॅल्शियमला जास्त पुटिका सुटतात. स्रावाचा अभ्यास करणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळांच्या फ्रीजरमध्ये त्याची कुपी असते. कुपीतला एस्टर येतो जमालगोट्याच्या तेलातून, चंद्रज्योतीच्या भावकीतून. वनस्पतीनं हे रसायन आपली बी वाचवायला बनवलं. निशिझुकांनी त्याच्यामुळे पटलातला निरोप वाचला.

एरंडेल, जाता जाता

त्याच रस्त्यावर अलीकडे एरंडोल लागतं, म्हणून आठवलं. एरंडेल आणि जमालगोटा, दोन्ही रेचक, दोन्ही तेलं, पण वाटा अगदी निराळ्या. एरंडेलातलं रिसिनोलेइक आम्ल आतड्यात मोकळं होतं आणि प्रोस्टाग्लँडिनाच्या ईपी-३ ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतं. हे २०१२ मध्ये बाड नाउहाइमच्या ऑफरमान्स यांच्या गटानं उंदरांवर दाखवलं. ती ग्राही काढून टाकलेल्या उंदराला एरंडेल लागूच पडत नाही. गर्भाशय आकुंचन पावतं तेही याच ग्राहीमुळे, म्हणून बाळंतपणाशी एरंडेलाचा जुना संबंध. आणि उंदराच्या क्रोमाफिन पेशींवरही ईपी-३ असते. तिथे ती कॅल्शियमची वाट अडवून अॅड्रेनालिनचा स्राव आवरते. आजीला ग्राही माहीत नव्हती, मात्रा माहीत होती.

मण्यार

हा विषय क्रोमाफिन पेशीचा नाही, चेता-स्नायू सांध्याचा आहे. पण यंत्रणा तीच, म्हणून इथेच टिपतो.

मण्यार रात्री चावते, बहुधा जमिनीवर झोपलेल्याला. दुखत नाही, सूज नाही, दातांच्या खुणा नीट दिसत नाहीत. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास. तिच्या विषात बीटा-बंगारोटॉक्सिन असतं आणि त्याचा एक भाग म्हणजे फॉस्फोलायपेज-ए-२, चरबी कापणारं विकर. ते चेतापेशीच्या टोकावरची फॉस्फोलिपिडं तोडतं. कापलेल्या तुकड्यांमुळे पटलाचा तोल बिघडतो, पुटिका एका झटक्यात बाहेर सांडतात, आणि रिकामं झालेलं टोक पुन्हा भरता येत नाही. पादुआच्या मोंतेकुक्को यांच्या गटानं २००५ मध्ये विष बाजूला ठेवून फक्त त्या तुकड्यांचं मिश्रण, लायसोफॉस्फोलिपिड आणि मेदाम्ल, चेतापेशींवर टाकलं. परिणाम विषासारखाच.

म्हणून मण्यारीच्या रुग्णाला प्रतिसर्पविष उशिरा मिळालं तर रक्तात फिरणारं विष निष्प्रभ होतं, पण मोडलेली टोकं सुधारत नाहीत. ती पुन्हा उगवावी लागतात, तोवर व्हेंटिलेटर. नागाच्या दंशात निओस्टिग्मिनचा उपयोग होतो. मण्यारीत बहुधा नाही, कारण ते ज्याला टिकवतं ते अॅसिटिलकोलिनच सुटायचं थांबलेलं असतं. धुळ्या-जळगावच्या पावसाळी रात्रपाळ्यांत हा फरक पुस्तकी राहत नाही.

विंचू आणि प्राझोसिन

अॅड्रेनालिन भसकन सुटलं तर माणसाचं काय होतं, याचा मोठा अभ्यास महाराष्ट्रातच झाला आणि तो कुठल्या संस्थेत नव्हे, महाड तालुक्यात. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेले रुग्ण येत: घामानं निथळलेले, उलट्या, हातपाय गार, आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी भरून मृत्यू. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हृदयाच्या आधीच्या खुणांवरचा लेख आला आणि १९८६ मध्ये प्राझोसिनवरचा.

लाल विंचवाचं विष चेतातंतूंचे सोडियम मार्ग बंद होऊ देत नाही. तंतू सतत निरोप देत राहतात, अधिवृक्क ग्रंथी आणि अनुकंपी चेतांची टोकं आपला साठा ओतून टाकतात. हे अॅड्रेनालिन-नॉरअॅड्रेनालिन रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा-१ ग्राहींना भिडतं, आणि अल्फा-१ ग्राही काम कशानं करते? फॉस्फोलायपेज-सी आणि पीआयपी-२. तिथेही तीच चरबी तुटते, कॅल्शियम वाढतं, रक्तवाहिनी आवळते. हृदयाला आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलावं लागतं आणि ते थकतं. प्राझोसिन ही अल्फा-१ ग्राही अडवतं. सुटलेला स्राव परत घेता येत नाही, पण तो जिथे पोचतो तिथली चरबीची वाट बंद करता येते. गोळी स्वस्त, तोंडावाटे द्यायची, गावच्या दवाखान्यात जमणारी. महाडला मृत्यूचं प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांवरून एका टक्क्याच्या आसपास आलं.

पुढे हाफकिनची विंचूप्रतिलस आली. २०११ मध्ये ‘बीएमजे’त बावस्करांनीच लस अधिक प्राझोसिन आणि नुसतं प्राझोसिन यांची तुलना छापली, लस मिळालेले लवकर बरे झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बावस्करांनी पीआयपी-२ चं नाव घेऊन हे केलं असं मी म्हणत नाही. त्यांनी रक्तदाब, नाडी आणि गार पडलेले पाय पाहिले. स्पष्टीकरण आणि उपाय वेगवेगळ्या गावांत, जवळजवळ एकाच वेळी वाढत होते: युरोपात १९८३ मध्ये आयपी-३ चा दुवा, महाडमध्ये तीच वर्षं.

सरकीचं तेल

लिपिड म्हटलं की लगेच विचारणा होते, मग तेल कोणतं खायचं? खान्देशात सरकी, शेंगदाणा, करडई, आणि शेवभाजीवर बोटभर तर्री. सरकीच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेइक आम्ल. शरीर त्यातून थोडं अॅराकिडोनिक आम्ल बनवतं, आणि अॅराकिडोनिक आम्ल सिंटॅक्सिन या प्रथिनाला मोकळं करून पुटिका जुळायला मदत करतं, हे दावलेतोव यांच्या प्रयोगशाळेनं २००५-०६ मध्ये दाखवलं. इथून ‘सरकी खा, अॅड्रेनालिन वाढवा’ असा फॉरवर्ड तयार व्हायला एक रात्र पुरेल. मधल्या पायऱ्या तो वगळेल: लिनोलेइकपासून अॅराकिडोनिक बनण्याचं प्रमाण फार कमी आणि शरीराच्या ताब्यात असतं, आणि पटलातून ते सुटतं ते विकरानं, ठरावीक जागी, क्षणभर. ताटातली चरबी आणि निरोपाची चरबी यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या आणि बरीच विकरं उभी आहेत. माझं मत: तेल कमी खा, कोणतं ते नंतर बघू.

पॅन-४०

क्रोमोग्रॅनिन-ए ची रक्ततपासणी चेता-अंतःस्रावी गाठींसाठी मागवतात. पुटिका सुटताना हे प्रथिनही रक्तात येतं. पण अॅसिडिटीची पॅन्टोप्राझोलसारखी गोळी रोज घेणाऱ्याचा आकडा गाठ नसतानाही चढतो: जठरातलं आम्ल घटतं, गॅस्ट्रिन वाढतं, जठराच्या त्याच जातीच्या पेशी माजतात. डॉक्टरांना विचारून गोळी साधारण दोन आठवडे थांबवायची, मगच तपासणी. ही गोळी आपल्याकडे टपरीवरच्या पानाइतकी सहज मिळते, आणि ‘काही औषध चालू आहे का?’ या प्रश्नाला लोक ‘नाही, फक्त पॅन’ असं उत्तर देतात.

आधी अल्फा

क्रोमाफिन पेशींचीच गाठ झाली तर तिला फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. डोकं दुखणं, घाम, छातीत धडधड, आणि झटक्याझटक्यानं चढणारा रक्तदाब. गाठ काढण्याआधी एक-दोन आठवडे अल्फा ग्राही अडवतात. आपल्याकडे त्यासाठी बरेचदा प्राझोसिनच. पाणी आणि मीठ वाढवतात, कारण आवळलेल्या रक्तवाहिन्यांत रक्ताचं आकारमान घटलेलं असतं. धडधड थांबवायला बीटा ग्राही अडवणारं औषध लागलं तर ते नंतर, अल्फा पुरती अडल्यावर. उलट क्रमानं दिलं तर स्नायूंतल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करणारी बीटाची वाट बंद होते, अल्फाची उघडी राहते आणि रक्तदाब आणखी उसळतो.

आणि ज्याला असे झटके येतात पण निदान झालेलं नाही, त्याला उलटी थांबवायला सर्रास टोचलं जाणारं मेटोक्लोप्रामाइड हेच एखादा झटका आणू शकतं. सुई टोचल्यावर काही मिनिटांत रुग्ण पांढराफटक पडला आणि दाब दोनशेच्या वर गेला, तर इंजेक्शनची अॅलर्जी म्हणून नोंद करण्याआधी लघवीतल्या किंवा रक्तातल्या मेटानेफ्रिनची तपासणी मागवावी.